व्यापारासाठी मदत : मासे, सीमानाका आणि तूर

विकसनशील देशांना जागतिक बाजारात उतरता यावे म्हणून श्रीमंत देश आणि आंतरराष्ट्रीय संस्था जो पैसा, जे तज्ज्ञ आणि जी यंत्रसामग्री पुरवतात, त्या सगळ्याला मिळून ‘व्यापारासाठी मदत’ म्हणतात. डिसेंबर २००५ मध्ये हाँगकाँगला जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली, तिथे या कल्पनेला औपचारिक रूप मिळाले. युरोपीय संघाने २००१ मध्ये अल्पविकसित देशांच्या मालावरचे आयातशुल्क, शस्त्रास्त्रे वगळून, जवळजवळ पूर्ण काढून टाकले होते. अमेरिकेने त्याच्या आदल्याच वर्षी आफ्रिकी देशांसाठी तशाच धर्तीचा कायदा केला होता. तरीही या देशांतून बाहेर जाणारा माल अपेक्षेइतका वाढला नाही. अडचण शुल्काची कमी आणि रस्त्याची, बंदराची, शीतगृहाची, तपासणीची, कागदपत्रांची जास्त होती. शेतकऱ्याच्या बांधावरून निघालेला माल परदेशी दुकानाच्या फळीवर पोहोचेपर्यंत मध्ये जे काही लागते, ते उभे करण्यासाठी ही मदत आहे.

हे काम हाँगकाँगच्या आधीपासून चालू होते. जिनिव्हाचे आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र १९६४ पासून निर्यातदारांना मार्गदर्शन करत आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने १९८१ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या विनंतीवरून कस्टम खात्यासाठी संगणकप्रणाली बनवायला घेतली. आज तीच प्रणाली शंभराच्या आसपास देशांत चालते. २००५ नंतर या विखुरलेल्या कामांना एक नाव, एक हिशेब आणि ठरावीक काळाने होणारा जागतिक आढावा मिळाला.

२००६ पासून या नावाखाली वाटलेली रक्कम सहाशे अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यातला बराच पैसा कर्जाच्या रूपात येतो आणि मुख्यतः रस्ते, वीज, शेती, बँकिंग अशा मोठ्या कामांवर खर्च होतो. व्यापाराचे नियम, कस्टम, मालाचा दर्जा, वाटाघाटींची तयारी या गोष्टींच्या वाट्याला शंभरातले जेमतेम तीन येतात. पुढचा अनुभव या लहान हिश्श्यात उमेद खर्च केलेल्या माणसांचा आहे. रस्त्याचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. तपासनिसाने एखादा नमुना योग्य तापमानात, योग्य वेळेत, योग्य चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत पोहोचवला, याची बातमी होत नाही. निर्यात मात्र पुष्कळदा त्या नमुन्यावरच अडते किंवा सुटते.

या कामात नव्याने आलेल्या सल्लागाराची पहिली काही वर्षे अहवालात जातात. अल्पविकसित देशांसाठी १९९७ मध्ये जी एकात्मिक चौकट सुरू झाली, तिच्या अंतर्गत प्रत्येक देशाच्या व्यापारातले अडथळे शोधणारा सविस्तर अभ्यास केला जाई. अभ्यास चांगले असत. त्यांत कोणत्या घाटात ट्रक अडकतात, कोणत्या परवान्याला किती सह्या लागतात, हे बारकाईने लिहिलेले असे. पण एखाद्या छोट्या देशाच्या वाणिज्य मंत्रालयात हा विषय समजणारे अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेच जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या बैठकीला जाणार, तेच देणगीदारांना भेटणार, प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या रांगेत तेच बसणार. एका महिन्यात तीन संस्थांनी एकाच विषयावर तीन प्रशिक्षणे ठेवली, तर त्या महिन्यात मंत्रालयाचे मूळ काम थांबते. असेही वारंवार घडले की वाटाघाटींचे नियम मन लावून शिकलेला तरुण अधिकारी दोन-तीन वर्षांत चौपट पगारावर एखाद्या परदेशी संस्थेत गेला आणि मंत्रालयाची खुर्ची रिकामी राहिली. त्याला दोष देता येत नाही. घर चालवायचे असते. दोष योजनेच्या आखणीचा होता. माणूस तयार करण्याचा खर्च तिने धरला होता, तो टिकवण्याचा धरला नव्हता.

मालाच्या दर्जाचे महत्त्व या क्षेत्राला ज्या प्रकरणाने पटवले, ते व्हिक्टोरिया सरोवरातल्या माशांचे. नाइल पर्च हा मोठा, पांढऱ्या मांसाचा मासा त्या सरोवरात विसाव्या शतकाच्या मध्यास बाहेरून आणून सोडला गेला. १९९० च्या दशकात युगांडा, केनिया आणि टांझानियाच्या किनाऱ्यांवर त्याचे काटे-कातडी काढून तुकडे गोठवणारे कारखाने उभे राहिले आणि युरोप हे त्यांचे मुख्य गिऱ्हाईक बनले. १९९७ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पटकीची साथ आली. युरोपीय संघाने ताज्या माशांवर निर्बंध घातले, शिजवलेल्या माशातून पटकी पसरण्याचा धोका फार थोडा आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असतानाही. ते निर्बंध उठतात न उठतात तोच १९९९ मध्ये, काही मच्छीमार उथळ पाण्यात कीटकनाशक टाकून मासे मारतात, हे उघड झाले. या वेळी युरोपची बाजारपेठ पूर्ण बंद झाली.

कारखान्यांपैकी काहींना टाळे लागले, काही अर्ध्या पाळीवर आले. किनाऱ्यावर मासा होता, होड्या होत्या, बर्फही होता, घेणारा नव्हता. चौकशीत दिसले की सगळेच मासे विषारी नव्हते, पण कोणते नाहीत हे खात्रीने सांगू शकेल अशी यंत्रणा देशात नव्हती. युगांडात तपासणीची जबाबदारी मत्स्य खाते आणि मानक संस्था यांच्यात विभागलेली होती, आणि सही कोणाची ग्राह्य हे युरोपला कळत नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या मदतीने मत्स्य खात्याला एकमेव सक्षम अधिकारी यंत्रणा म्हणून मान्यता देण्यात आली. तपासनिसांना प्रशिक्षण मिळाले, नमुने घेण्याच्या लेखी पद्धती ठरल्या, मासे उतरवण्याच्या निवडक धक्क्यांवर स्वच्छ पाणी, कुंपण आणि सिमेंटचे ओटे आले. २००० मध्ये युगांडाला बाजार पुन्हा खुला झाला आणि पुढच्या काही वर्षांत मासे हे त्या देशाच्या निर्यातीतले कॉफीखालोखालचे नाव झाले.

हे यश खरे आहे, पण ते सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाही. निर्यातीचा मासा उतरवायचे धक्के मोजकेच ठरल्यामुळे दूरच्या, लहान धक्क्यांवरचा मासा स्वस्त झाला. टोपलीत मासे घेऊन गावोगाव विकणाऱ्या बायकांना त्या कुंपणाच्या आत जागा राहिली नाही. मांस परदेशी गेले आणि स्थानिक बाजारात डोकी व सांगाडे तळून विकले जाऊ लागले. तेव्हा तिथे काम केलेले लोक नंतरच्या प्रत्येक योजनेत एक प्रश्न आवर्जून विचारू लागले : दर्जा उंचावला की सध्या धंद्यात असलेल्यांपैकी कोण बाहेर पडणार? तो प्रश्न आराखड्यात आधी घातला, तर लहान विक्रेत्यांसाठी वेगळा ओटा, वेगळी शीतपेटी, वेगळी वेळ ठेवता येते. उशिरा विचारला तर फक्त खंत उरते.

दर्जाच्या कामाचा गाभा म्हणजे प्रयोगशाळा, आणि मदतीचा पैसा सर्वांत सहज जिथे अडकून पडतो तीही हीच जागा. अन्नातले कीटकनाशकांचे अंश किंवा शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मोजणारे यंत्र देणगीतून येते. त्याच्याबरोबर पहिल्या वर्षाची रसायने, शुद्ध वायूची नळकांडी आणि एका तंत्रज्ञाचे प्रशिक्षण येते. दुसऱ्या वर्षी नळकांडे रिकामे होते. ते भरून देणारा पुरवठादार शेजारच्या देशात असतो आणि परकीय चलनासाठी अर्थखात्याची परवानगी लागते. तिसऱ्या वर्षी यंत्राचा एक भाग बिघडतो. दुरुस्ती करणारा अभियंता दुसऱ्या देशातून विमानाने आणावा लागतो. विजेचा दाब खाली-वर होतो, म्हणून यंत्राआधी स्टॅबिलायझर घ्यायला हवा होता हे तेव्हा लक्षात येते. अशा एका प्रयोगशाळेत यंत्रावर धूळ बसू नये म्हणून तंत्रज्ञाने घरची चादर आणून पांघरली होती. त्याने नमुन्यांची वही पहिल्या दिवसापासून नीट लिहिली होती. शेवटच्या नोंदीला वर्ष उलटून गेले होते. यंत्र ठीक होते. नमुने येत नव्हते, कारण प्रयोगशाळेला आंतरराष्ट्रीय मान्यता नव्हती. मान्यतेच्या तपासणीचे शुल्क भरायला पैसे नव्हते, आणि नमुने येत नसल्यामुळे पैसे उभे राहत नव्हते.

युरोपने अफ्लाटॉक्सिनची मर्यादा कडक केली तेव्हा जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये एक अंदाज मांडला होता : या कडक मर्यादेमुळे आफ्रिकेची सुमारे ६७ कोटी डॉलरची निर्यात बुडेल, आणि वाचतील ते अब्जामागे वर्षाला जेमतेम दीड जीव. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. मर्यादा योग्य की अयोग्य हे जिनिव्हात मांडायचे असेल तरी हातात स्वतःच्या मालाची मोजमापे हवीत. मोजमाप नसलेल्या देशाला खरेदीदाराच्या अहवालावर बोलावे लागते.

महाराष्ट्राच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षांबद्दल इशारा दिला गेला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांनी मोठे नुकसान सोसले. पण तेव्हा पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र होते, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची अंश-देखरेख योजना होती, २००६ पासून प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी ग्रेपनेट प्रणाली होती. तपासायच्या रसायनांच्या यादीत नवी भर पडली आणि पुढे निर्यात सुरू राहिली. देशातच उभी असलेली अशी संस्था एका हंगामाच्या फटक्यातून बाहेर काढते. व्यापारासाठीची मदत ज्या देशांत काम करते, तिथे मुळात तीच उभी करायची असते, आणि दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात ती उभी राहत नाही.

रवांडाच्या कॉफीचे उदाहरण वेळेच्या हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर तिथला शेतकरी कॉफीची फळे घरीच हातयंत्राने सोलून साधी, हलक्या प्रतीची कॉफी विकत होता. २००० च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या पैशातून, दोन अमेरिकी विद्यापीठांच्या सहभागाने एक प्रकल्प सुरू झाला आणि दक्षिणेतल्या मराबा भागात सहकारी संस्थेचे धुलाई केंद्र उभे राहिले. पिकलेली लाल फळे तोडल्याच्या दिवशीच केंद्रावर आणायची, पाण्यात तरंगणारी बाजूला काढायची, गर काढून बिया आंबवायच्या, धुवायच्या आणि उंच जाळीच्या बाकांवर पसरून बायकांच्या हातांनी एकेक डागी बी निवडायची. रवांडाच्या कॉफीत बटाट्यासारखा वास येण्याचा एक दोष असतो. एका ढेकणाने टोचलेल्या फळातून तो येतो आणि एका दाण्यामुळे सबंध किटली वाया जाते. म्हणून त्या बाकावरची निवड हाच सगळ्या व्यवहाराचा आधार. पुढच्या दशकभरात देशात दीडशेहून अधिक धुलाई केंद्रे झाली आणि २००८ मध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही कॉफीची मानाची स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदा रवांडात भरली.

या प्रकल्पाने यंत्रांइतकेच लक्ष चव ओळखण्यावर दिले, हे त्याचे वेगळेपण. कॉफीचा घोट घेऊन दोष सांगू शकणारी माणसे गावातच तयार झाली. ज्याने आयुष्यभर कॉफी पिकवली पण कधी प्यायली नव्हती, त्या शेतकऱ्याला आपल्या मालाला भाव का मिळाला किंवा का नाही, हे प्रथमच स्वतःच्या जिभेने कळले. तरीही काही सहकारी संस्था कर्जात बुडाल्या. फळे घेताना शेतकऱ्याला रोख द्यावे लागते आणि परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे काही महिन्यांनी येतात. मधल्या काळासाठी खेळते भांडवल देणारी बँक प्रकल्पाच्या आराखड्यात आधी नव्हती. या क्षेत्रातल्या बहुतेक योजनांत हीच जागा दुबळी आढळते. यंत्रासाठी देणगी मिळते, हंगामाच्या सहा आठवड्यांसाठी रोकड मिळत नाही.

मालाचा दर्जा सांभाळला तरी तो वेळेत बंदरावर पोहोचावा लागतो. ज्यांना समुद्र नाही अशा देशांत हा प्रश्न फार मोठा. युगांडाचा बराचसा आणि रवांडा, बुरुंडीचा काही माल केनियाच्या मोंबासा बंदरातून येतो-जातो. मोंबासा ते कंपाला हे अंतर अकराशे किलोमीटरच्या वर. मधल्या बुसिया आणि मलाबा या सीमानाक्यांवर ट्रकच्या रांगा कित्येक किलोमीटर लागत. एका बाजूला केनियाचे अधिकारी निर्गमनाचे कागद तपासत, मग मधला पट्टा ओलांडून युगांडाचे अधिकारी तेच कागद आगमनासाठी पुन्हा तपासत. सील तुटले नाही ना, वजन जुळते का, क्लिअरिंग एजंटने भरलेला आकडा दोन्हीकडे सारखा आहे का, या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी खिडकी होती. चालक ट्रकखालीच चूल मांडत आणि ट्रकखालीच झोपत. त्या रांगांच्या आधारे चहा, कणसे आणि खोल्या भाड्याने देण्याचा एक अख्खा बाजार उभा राहिला होता.

उपाय म्हणून ‘एकथांबा सीमानाका’ ही पद्धत आली. आफ्रिकेत तिचा पहिला मोठा प्रयोग झांबिया आणि झिम्बाब्वेच्या चिरुंडू नाक्यावर २००९ मध्ये झाला. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत शेजारी बसतात आणि वाहन ज्या देशात शिरते आहे तिथेच एकदा थांबते. २०१० मध्ये नैरोबीत स्थापन झालेल्या, ब्रिटन व इतर देणगीदारांच्या पैशावर चाललेल्या ट्रेडमार्क ईस्ट आफ्रिका या संस्थेने पूर्व आफ्रिकेत असे अनेक नाके बांधायला मदत केली. बुसियाच्या नाक्याचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी २०१८ मध्ये दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी केले.

इमारत हा या कामाचा सोपा भाग असतो, हे अशा नाक्यांवर राबलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. केनियाचा कस्टम अधिकारी युगांडाच्या भूमीवर बसून केनियाचा कायदा कसा लावणार, त्याने कोणाला अटक केली तर कोणत्या कोठडीत ठेवणार, त्याच्या पगारावर कर कोणाचा, अशा प्रश्नांची उत्तरे द्यायला पूर्व आफ्रिकी समुदायाला स्वतंत्र कायदा करावा लागला. शिवाय दोन देशांच्या संगणकप्रणाली एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. २०१४ पासून एकच कस्टम क्षेत्र म्हणून मालाचे शुल्क बंदरावरच भरून घेण्याची पद्धत आली. इमारत, कायदा आणि संगणक या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हाच मोंबासाहून कंपालाला जायला जिथे दोन आठवड्यांहून अधिक लागत, तिथे चार-पाच दिवसांत ट्रक पोहोचू लागले. जिथे तीनपैकी एक मागे राहिली, तिथे नव्या चकचकीत खिडक्यांसमोर जुनीच रांग लागली.

बुसियाला दुसराही व्यापार चालतो आणि तो आकडेवारीत क्वचित दिसतो. डोक्यावर टोमॅटो, मका, सुकी मासळी, जुने कपडे घेऊन दिवसातून कितीदा तरी सीमा ओलांडणाऱ्या बायकांचा. पूर्व आफ्रिकी समुदायात दोन हजार डॉलरपर्यंतच्या मालाला साधे, नाक्यावरच मिळणारे मूळ-प्रमाणपत्र पुरते आणि तो माल तिथलाच असला तर शुल्क लागत नाही. ही सवलत बऱ्याच जणींना माहीत नव्हती. माहीत असलेल्यांचाही खिडकीपाशी जाण्यापेक्षा शेतातल्या चोरवाटेवर जास्त भरवसा होता, कारण खिडकीत अपमान होई, पैसे मागितले जात, आणि चोरवाटेने निदान दर ठरलेला असे. तिथल्या महिला व्यापाऱ्यांच्या संघटनांना मदत दिल्यावर एक साधी गोष्ट करण्यात आली : कोणत्या मालाला काय लागते आणि काय लागत नाही, याचा फलक स्वाहिली आणि स्थानिक भाषांत खिडकीच्या उंचीवर लावला. शेजारी मदतीच्या टेबलावर त्यांच्यातलीच एक शिकलेली बाई बसू लागली. हा खर्च नाक्याच्या इमारतीच्या खर्चापुढे नगण्य. त्या सीमेवर काम केलेल्यांपैकी कित्येकांना आपल्या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो त्यांचा अंदाज बरोबर आहे.

मदतीची मर्यादा जिथे पूर्णपणे उघडी पडली, ते पीक मराठी घरात रोज शिजते. टांझानिया, मोझांबिक, मलावी आणि केनियात तूर पिकते. टांझानियात तिला म्बाझी म्हणतात. तिथली तूर ऑगस्टपासून निघू लागते आणि लातूर-अकोल्याच्या बाजारात नवी तूर येण्याआधीच मुंबईच्या न्हावा शेवा बंदरात उतरू शकते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने पूर्व आफ्रिकेसाठी तुरीचे सुधारित वाण दिले होते. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राने ब्रिटनच्या पैशातून भारत आणि पूर्व आफ्रिका यांच्यातला व्यापार वाढवण्याचा एक कार्यक्रम हाती घेतला. टांझानियाच्या कडधान्यांसाठीही त्यात काम झाले. २०१५ मध्ये भारतात दोन वर्षांच्या दुष्काळाने तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळ खरेदीचा करार केला. सगळी चिन्हे एकच सांगत होती : तूर लावा.

दक्षिण टांझानियातल्या लिंडी आणि म्ट्वारा भागांत सल्लागार गावोगाव फिरले. ओलावा मोजायचे यंत्र कसे वापरायचे, चाळणीच्या कोणत्या जाळीतून खडे आणि फुटके दाणे पडतात, माती लागू नये म्हणून ताडपत्रीवर कसे वाळवायचे, भुंगा लागू नये म्हणून पोती जमिनीपासून फळीवर उचलून का ठेवायची, हे शिकवले गेले. भारताला पाठवायचा माल मिथाइल ब्रोमाइडने धुरी देऊन आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रासह यावा लागे; ती सोय बंदराजवळ हवी होती. शेतकऱ्यांचे गट झाले, आयातदारांशी गाठीभेटी झाल्या. तुरीचे क्षेत्र वाढले. माल पूर्वीपेक्षा स्वच्छ झाला.

२०१६ चा पाऊस भारतातही चांगला झाला आणि तुरीचे विक्रमी पीक आले. २०१७ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांत बोनससह ५,०५० रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारभाव त्याच्या बराच खाली होता. सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टर दिवसेंदिवस उभे राहिले. बारदाना नाही म्हणून मापे थांबली. शेतकऱ्यांचा संताप रास्त होता आणि सरकारला काहीतरी करणे भाग होते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने तुरीची आयात वर्षाला दोन लाख टनांवर मर्यादित केली. मोझांबिकशी झालेल्या करारासारख्या सरकारी बांधिलक्या तेवढ्या वगळल्या.

टांझानियात त्याच आठवड्यांत तूर शेतातून घरी येत होती. घाऊक व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, भाव कोसळला. काही ठिकाणी तो तोडणीच्या मजुरीलाही पुरेनासा झाला. ताडपत्रीवर वाळवलेली, चाळलेली, फळ्यांवर थप्पी लावलेली तूर गटाच्या कोठारात पडून राहिली. भारताने अल्पविकसित देशांसाठी २००८ पासूनच शुल्कमुक्त आयातीची योजना चालवली होती आणि टांझानिया त्यात होता. शुल्क शून्य होते. प्रवेशच मर्यादित झाला होता. मदतीच्या कार्यक्रमात काम केलेल्या मराठी माणसासाठी हा काळ विशेष कठीण होता. उदगीरच्या खरेदी केंद्राबाहेर रांगेत उभा असलेला शेतकरी आणि म्ट्वाऱ्याच्या कोठारापुढे बसलेला शेतकरी, दोघेही त्याला एकाच धान्याबद्दल एकच प्रश्न विचारत होते, आणि एकाला द्यावे असे उत्तर दुसऱ्याच्या मुळावर येत होते.

या घटनेनंतर अशा कार्यक्रमांची आखणी बदलली, निदान जिथे शहाणी माणसे होती तिथे. विकणाऱ्याला शिकवताना घेणाऱ्या देशाच्या पेरणीचे, पावसाचे, साठ्याचे आणि निवडणुकांचे अंदाज दर महिन्याला पोहोचवणे हा कामाचा भाग बनला. एकाच गिऱ्हाइकासाठी पीक वाढवण्याचा आग्रह कमी झाला. तूर घरी खाण्याला, शाळेच्या जेवणात वापरण्याला, डाळ तिथेच भरडून विकण्याला प्रोत्साहन दिले जाऊ लागले. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवलेली तूर सकाळच्या खाण्यात असतेच; आतल्या भागांत ती तितकी रुळलेली नव्हती. सरकारांनीही धडा घेतला. २०२१ मध्ये भारताने तुरीची आयात पुन्हा मुक्त केली आणि पाच वर्षांसाठी मोझांबिककडून वर्षाला दोन लाख, म्यानमारकडून एक लाख आणि मलावीकडून पन्नास हजार टन घेण्याची हमी दिली. पेरणीच्या आधी कळलेला असा आकडा आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला कित्येक प्रशिक्षणांपेक्षा उपयोगी पडतो, आणि भारतातल्या शेतकऱ्यालाही बाहेरून किती तूर येणार हे आधीच कळते.

आधी तयारी, मग बंधन हा विचार जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरणाच्या करारातही शिरलेला आहे. डिसेंबर २०१३ मध्ये बालीला ठरलेला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अमलात आलेला हा करार विकसनशील देशांना आपल्या जबाबदाऱ्या तीन गटांत मांडायची मुभा देतो : लगेच पाळू, मुदत हवी, मुदतीबरोबर मदतही हवी. तिसऱ्या गटातली जबाबदारी मदत मिळून क्षमता येईपर्यंत बंधनकारक होत नाही. आधी नियम लादायचा आणि मग मदतीचे आश्वासन द्यायचे, या जुन्या रीतीपेक्षा हे न्याय्य आहे. वाटाघाटींना बसलेल्या छोट्या देशांच्या प्रतिनिधींनी ते चिकाटीने मिळवले.

गेल्या काही वर्षांत पैसाच आटतो आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली आणि पुढे २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले. अल्पविकसित देशांसाठीच्या वर्धित एकात्मिक चौकटीने दुसरा टप्पा संपल्यावर काम आवरते घेतले. अमेरिकेची यूएसएड ही संस्था २०२५ मध्ये बंद झाली आणि तिच्या पैशावर चाललेली कित्येक कामे हंगामाच्या मध्येच थांबली. अशा वेळी कोणते काम टिकते हे आता प्रत्यक्ष दिसते आहे. ज्या देशात तपासणीचे शुल्क कायद्याने प्रयोगशाळेच्या स्वतःच्या खात्यात जमा होते, तिथे तंत्रज्ञाचा पगार आणि वायूचे नळकांडे त्यातून निघते आणि देणगीदार गेल्यावरही नमुने तपासले जातात. जिथे तेच शुल्क सरकारी तिजोरीत जाते आणि परत यायला वर्ष लागते, तिथे यंत्रे पुन्हा बंद पडू लागली आहेत. म्हणून सध्या जे थोडे कार्यक्रम चालू आहेत, त्यांतले जाणते सल्लागार नवे यंत्र मागवण्याआधी अर्थखात्यात जाऊन शुल्काचा हा एक नियम बदलून घेण्याच्या खटपटीत आहेत.